मऊ पेडल आणि शनिवारचा घाट

...आणि वर म्हणतात, ब्रेकमध्ये हवा आहे! अहो, कुठली हवा? तीन वेळा काढली. तीन वेळा! चारही चाकांची, आधी लांबचं चाक मग जवळचं अशा क्रमानं, चाकामागच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत, आणि मी चाकाशी पालथा पडून डोळ्यांत तेल घालून बघतोय की बुडबुडा येतो का... आणि तेल घालून हे अगदी खरं, कारण दुसऱ्या खेपेला नळी निसटली आणि ब्रेकचं तेल थेट डोळ्यातच गेलं, पण बुडबुडा? एक नाही! तरी आमच्या गल्लीत जो येईल तो माझ्या गाडीत बसतो, पेडल दोनदा दाबतो, मान डोलावतो आणि म्हणतो, "जेनिश, हवा आहे."

तुम्हाला सांगतो, मी जमीनमोजणी खात्यातला माणूस. माझ्या हातून एका बांधाची दोन बोटं इकडची तिकडे झाली, तर आमच्या काराबाल्टा गावातली दोन घरं एकमेकांच्या लग्नाला जायची बंद होतात. त्यामुळे मोजल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. ते पेडलसुद्धा मी मोजलं. चार सेंटिमीटरवर घट्ट व्हायला हवं. ते जात होतं दहावर! आणि जाताना कसं? भिजवलेल्या कणकेवर पाय ठेवावा तसं. गाडी थांबायची, नाही असं नाही, पण आधी थोडा विचार करायची.

गाडी वीस वर्षांची. छोटी हॅचबॅक, जपानहून आलेली, म्हणजे उजव्या स्टिअरिंगची. मग एकदा आवई उठली की उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या रस्त्यावर चालू देणार नाहीत. झालं! आमचे मुकाश तायके, तायके म्हणजे आईचा भाऊ, स्वतःचं वेल्डिंग मशीन घेऊन आले आणि दोन दिवसांत स्टिअरिंग उजवीकडून डावीकडे. पेडलंही डावीकडे. बंदी काही आली नाही. स्टिअरिंग मात्र आलं ते आलं.

आता तुम्ही म्हणाल, पेडल मऊ तर मऊ, सावकाश चालव. अहो, पण शनिवार! शनिवारी माझी आई, माझी अपा, तलासला जाऊन सायकालच्या कानांत डूल घालणार होती. आमच्याकडे मुलाच्या आईनं मुलीच्या कानांत डूल घातले की लग्न ठरलं. तोवर नुसत्या गप्पा. आमची तारीख दोनदा हुकलेली, एकदा बर्फामुळे, एकदा अपाच्या गुडघ्यामुळे. आणि मधल्या काळात तिकडे बिश्केकचा एक दातांचा डॉक्टर घिरट्या घालायला लागला होता. सायकाल फोनवर म्हणाली, "बाबा त्याला हो म्हणाले नाहीत रे. पण त्यानं बाबांची दाढ फुकट भरून दिलीय. आणि आता बाबा त्या बाजूनंच जेवतात." म्हणजे बघा!

आणि काराबाल्टा ते तलास म्हणजे काय? दोन घाट. दोन्ही बाजूंनी वळणं, बाजूला दरी, समोरून कोळशाचे ट्रक. मी अपाला म्हटलं, भाड्याच्या गाडीनं जाऊ. ती म्हणाली, "डूल मांडीवर घेऊन, चार परक्या माणसांत, बटाट्याच्या पोत्यावर पाय ठेवून जाऊ मी? मुलाच्या दारात गाडी उभी असताना? सायकालची आई विचारेल, का हो, तुमची गाडी फोटो काढण्यापुरती आहे का?"

तर गाडी दुरुस्त करणं भाग. सोमवारी तायके आले. बसले. दाबलं. "हवा आहे, काढ." संपलं! तायकेंपुढे बोलायचं कोणी? शनिवारच्या वऱ्हाडाचे पुढारी ते. तिथे हात उचलून आशीर्वाद देणार ते. मामा रुसला तर कुठली वरात नि कुठले डूल!

हवा काढायला दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक चाकाशी. पेडलवर अपा. मी खालून ओरडतोय, "दाब! दाबून धर! सोडू नकोस..." ती वरून म्हणतेय, "धरलंय रे, धरलंय... अगं ये ये, बस, चहा घेणार?" आणि सोडलं! शेजारीण आलेली! मी म्हटलं, "अपा, निपल उघडा असताना पाय काढलास तर हवा आत जाते!" तर शेजारीण म्हणते, "मग बरोबर आहे. मुकाश म्हणालाच होता, हवा आहे."

म्हणून तर पुन्हा काढली. तिसऱ्यांदा काढताना फाटकाला आतून कडी लावली होती.

मग मी शांतपणे बसून विचार केला. हवा असेल, तर पेडल भराभर तीनचारदा दाबल्यावर वर यायला हवं. दाबलं. वर येत नाही, दहा ते दहाच. मास्टर सिलिंडर आतून गळत असेल, तर पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसायला हवं. घड्याळ लावून दोन मिनिटं धरलं. हलत नाही. तेल कमी होत नाही. चाकांच्या आतून ओल नाही. मागच्या ड्रमचे लायनर बघितले, ठीक. सगळं वहीत लिहिलं आणि तायकेंना दाखवायला गेलो. तायकेंनी वही हातात घेतली, उलटी धरली, सुलटी केली, परत दिली. "छान अक्षर आहे. हवा आहे."

बुधवारी रात्री सायकालचा फोन. तिचे वडील ओरोझ तीस वर्षं त्याच दोन घाटांतून ट्रक चालवलेले, त्यामुळे ही मुलगी दुधाच्या दातांपासून ब्रेकबद्दल ऐकत आलेली. म्हणाली, "चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्यांना चिमटे लावून बघितलंस का? चारही बंद कर. पेडल दगड झालं, तर दोष चाकांकडे. नाही झालं, तर अलीकडे." मी म्हटलं, सायकाल, हे तू सोमवारी का नाही सांगितलंस? तर म्हणे, "सोमवारी तू डोळ्याबद्दल बोलत होतास."

गुरुवारी गेलो युसुप मिस्त्रींकडे. युसुप म्हणजे कमी बोलणारा माणूस. दिवसाला दहा शब्द, त्यातले चार चहा मागायला. बरोबर अपा, कारण तिला बाजारातून भाकऱ्या घ्यायच्या होत्या. युसुपनी चारही नळ्यांना चिमटे लावले, पेडल दाबलं. दहा! तसंच मऊ! युसुप म्हणाले, "हवा नाही."

तुम्हाला सांगतो, मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. चार दिवसांत पहिला माणूस! मग ते डॅशबोर्डखाली डोकं घालून बघायला लागले. बराच वेळ बघितलं. "हूं" म्हणाले. मग डोकं तसंच आत ठेवून विचारलं, "स्टिअरिंग इकडे कोणी आणलं?"

मी म्हटलं, "मुकाश तायकेंनी."

युसुप बाहेर आले. हात पुसले. चारही चिमटे काढले, पेटीत ठेवले, पेटीला कडी लावली. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हवा आहे."

अहो! मी मानानं, थोरल्या भावाला म्हणतात तसं म्हटलं, "युसुप बायके, आत्ता तर तुम्हीच म्हणालात नाही म्हणून!" तर म्हणतात, "मुकाशची मुलगी माझ्या भावाच्या घरात सून आहे. हवा आहे, बाळा. जा."

गेलो. दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी वीस, समोरच्या माणसाशी शंभर हात अंतर ठेवून. शेजारी उजवीकडच्या सीटवर अपा, मांडीवर चार गरम भाकऱ्या. आणि कालव्याच्या पुलाशी मेंढ्या! एक आली, थांबली, तिला बघून चाळीस आल्या. मी पेडल दाबलं... जातंय... जातंय... कणीक! मेंढी माझ्याकडे बघतेय, मी मेंढीकडे बघतोय, अपा ओरडली, "अरे थांब!" आणि गाडी जी थांबली! काय थांबली! भाकऱ्या काचेवर, अपाचा रुमाल माझ्या तोंडावर, मागून एक म्हातारा सायकलवाला, "ब्रेक बघा, ब्रेक! आमच्या जावयाला असले कधी मिळणार!"

मी अपाकडे बघितलं. अपा स्वतःच्या पायाकडे बघत होती. "जेनिश, मी काही केलं नाही. भीती वाटली म्हणून नुसता पाय रोवला."

गालिचा उचलला. खाली दांडा! जुन्या, उजवीकडच्या पेडलचा दांडा. तायकेंनी पाय ठेवायची पट्टी तेवढी कापली होती, दांडा तसाच ठेवलेला, कारण ब्रेकचा सिलिंडर अजून उजवीकडेच, आणि डावीकडचं पेडल डॅशबोर्डमागून एक आडवा गज फिरवून ह्याच दांड्याला ढकलतं. मी पट्टी काढली, मोजपट्टी. दांडा दाबला. चार सेंटिमीटर. दगड!

म्हणजे ब्रेक उत्तम होता हो! तेल उत्तम, सिलिंडर उत्तम, चाकं उत्तम. मऊ होतं ते मधलं. घरी येऊन डावीकडे डॅशबोर्डखाली बॅटरी मारली. आडवा गज ज्या पट्टीवर टेकलाय ती पट्टी पातळ पत्र्याची, वेल्डिंगचा जोड अर्धा चिरलेला, आणि अपानं पेडल दाबलं की पट्टी अशी वाकते, जशी आमच्या ऑफिसातली माणसं साहेब आल्यावर वाकतात. माझ्या पायाचा निम्मा जोर पत्रा वाकवण्यात जात होता. घाटात तो जोड तुटला असता तर? मी वहीत चिरलेल्या जोडाचं चित्र तेवढं काढलं, पुढचं नाही लिहिलं.

आता प्रश्न एकच. तायकेंना सांगायचं कोणी? वेल्डिंग त्यांचं. न सांगावं तर दरी आहे. सांगावं तर शनिवार गेला, आणि तिकडे तो दाढवाला बसलेलाच आहे.

अपा म्हणाली, "मी बोलते. तू फक्त मान खाली घाल." आणि फोन लावला. तुम्हाला सांगतो, माझ्या सख्ख्या आईनं, माझ्या देखत! "मुकाश, अरे, तुझं काम म्हणजे काम. सहा वर्षं हललं नाही. पण ह्या पोराचा पाय! ब्रेकवर असा उभा राहतो, असा उभा राहतो की तुझं लोखंड वाकवलंन त्यानं! लाज वाटते मला. तूच ये बाबा, दुसऱ्या कोणाच्या हाताला ते जमणार नाही."

तायके शुक्रवारी सकाळी आले. अंगणात उभे. शेजारीण उभी. ती वही माझ्या खिशात. आणि मी म्हणालो, "तायके, चूक झाली. माझा पाय जड आहे."

तायकेंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं. शिकशील." आणि मग तो माणूस कामाला लागला! खोटं कशाला बोलू, मनापासून केलं. डॅशबोर्ड उतरवला, पट्टी कापून काढली, तिच्या जागी बोटभर जाडीचा अँगल बसवला, दोन्ही बाजूंनी जोडला, घासला, रंग दिला. संध्याकाळी पेडल मोजलं. चार सेंटिमीटर. दहादा मोजलं. चार! तायके हात पुसत म्हणाले, "बघितलंस? गेली हवा."

शनिवारी दोन्ही घाट पार केले. लोण्यातून सुरी जावी तसे. गिअर धरून, हलक्या पायानं, तुम्हाला सांगतो, एकदासुद्धा कोणाची टोपी हलली नाही. सायकालच्या घरी सगळी मंडळी जमलेली, मटणाचं पातेलं उतरलेलं, अपानं डुलांची डबी उघडलेली, तायके आशीर्वादाला हात उचलणार... आणि त्याआधी त्यांना कौतुक सुचलं! "आमचा भाचा म्हणजे ताकद बघा! ब्रेक दाबतो तर लोखंड वाकतं! मी स्वतः सरळ केलं काल."

सगळे हसले. ओरोझ हसले नाहीत. त्यांनी हातातलं हाड खाली ठेवलं. विचारलं, "ब्रेकवर उभा राहतो?"

तायके म्हणाले, "दोन्ही पायांनी!"

"घाटात?"

"कुठेही!"

ओरोझ माझ्याकडे वळले. "खरं का रे?"

माझ्या खिशात वही होती. पानं अकरा. मापं, तारखा, वेळा, आकृती, चिरलेल्या जोडाचं चित्र, तेही प्रमाणात. एक पान उघडलं असतं तर काम झालं असतं. पण समोर तायके, हात अर्धवट उचललेले. शेजारी अपा, बोटांत डूल. आणि तिकडे दारात सायकाल, हसू दाबत, कान पुढे करून. मी म्हटलं, "हो. जड आहे."

ओरोझनी हाड पुन्हा उचललं. मग म्हणाले, "मुलगा खरं बोलतो. डूल घाला." तायकेंचे हात वर गेले, अपानं डूल घातले, बायका रडल्या, सगळं झालं. आणि मग ते म्हणाले, "पण तीस वर्षं मी त्या घाटात उलटलेले ट्रक बघितलेत. माझी मुलगी ह्याच्या पायाच्या भरवशावर घाट उतरणार नाही. तिला मी शिकवलंय. गाडी ती चालवेल."

तर लग्नाला आता दोन वर्षं झाली. गाडी सायकाल चालवते. चांगली चालवते, पण अंमळ जोरात. मी उजवीकडे बसतो. पायाखाली गालिचा, गालिच्याखाली दांडा, चार सेंटिमीटर, दगडासारखा. उतार लागला, ट्रक समोर आला, की पाय आपोआप शिवशिवतो. पण दाबायची सोय आहे का? एकदा दाबला, की तलासपासून काराबाल्टापर्यंत सगळे म्हणणार, बघा, अजून जडच आहे.

म्हणून घाट आला की मी बूट काढतो आणि सीटवर मांडी घालून बसतो.