सरांच्या खिशातलं तिकीट

मंडळी, रामराम. समोर काकू, आपल्या सरांच्या पत्नी, बसल्या आहेत. त्यांच्याकडे पाहून बोलायची माही हिंमत होत नाही. मले भाषण येत नाही. मी मोहगावचा दिनेश, संत्र्याचा बगीचा करणारा माणूस, सौंसरच्या शाळेत गावंडे सरांजवळ शिकलो. माह्याआधी सगळ्यांनी सरांचे गुण सांगतले. मी माही चूक सांगतो. लवकर सांगतो, मले वेळ कमी आहे.

सर विज्ञानाच्या तासाले संत्रं आणत. टेबलावर ठेवत. "हे पृथ्वी समजा. चंद्र कुठं?" आम्ही ओरडत होतो, छताले, सर! सर एक बोर घेऊन अडीच पावलं चालत अन् थांबत. "इथं. इथवर माणूस गेला, फिरला, परत आला." मग संत्र्यावर नख टेकवत. "अन् माणसं महिनोन् महिने राहतात ते अंतराळ स्थानक? या सालीच्या जाडीएवढं वर." आम्ही हसत होतो. "अन् मंगळ, सर?" "तो जवळ आला तरी बस स्टँडवर. तुमच्यातून कोणी जाते काय तिथं?" कोणीच हात वर केला नाही. मीही नाही.

हात वर केला माह्या पोरीनं, पल्लवीनं. कितीक वर्षांनी, त्याच सरांपुढं. यंदा तिले रॉकेटच्या शिक्षणाले सीट मिळाली, दूर केरळात. अन् मी नाही म्हटलं.

काहून म्हटलं? भेव होतं, अजून काय! पण सांगत दुसरंच होतो. आपण बहार धरायच्या आधी संत्र्याले ताण देतो ना? पाणी तोडतो. झाड मलूल होते, मग पाणी सोडलं का फुलानं भरते. मी म्हटलं, पोरीलेही तसंच ठेवू. नाही म्हणून पाहू, खरी जिद्द असंल तर वाढंल. मोठा शहाणा मी! जिद्द वाढली नाही, मंडळी. तिनं पुस्तकं माळ्यावर टाकली अन् विचारणंच सोडलं.

सर बगीच्यात आले. गुडघे दुखत होते तरी आले. "दिनेश, ताण किती दिवसाचा असते?"

म्हटलं, "जमीन पाहून. महिना, सव्वा महिना."

"अन् त्याच्यापुढं दिला तर?"

मी झाडाची वाळली फांदी तोडू लागलो.

"झाड रोज पाहतोस. पोरीकडे कव्हा पाह्यलं?"

मले राग आला. म्हटलं, "सर, तुमची पोरगी असती तर धाडली असती काय?" सरांले मूलबाळ नाही, हे साऱ्या सौंसरले माहीत आहे. मलेही माहीत होतं. काकू, मले माफ करा. सरांनी चप्पल घातली अन् गेले. तेच शेवटचं.

चार दिवसांआधी सर पांढुर्ण्याले रेल्वे स्टेशनवर गेले. येताना बसमध्येच त्यांचा प्राण गेला. खिशात रेल्वेचं तिकीट सापडलं. त्याच्यावर दोन नावं. एक सरांचं, एक पल्लवीचं. गाडी आजची, दुपारची. काकू सांगतात, मले विचारायले ते पुन्हा येणारच होते. मी असं बोललो, तरी येणार होते.

आपलं यान चंद्रावर उतरलं, आपण फटाके फोडले. आपला माणूस स्थानकात राहून आला, आपण पेढे वाटले. आता आपलीच माणसं आपल्याच यानातून वर जायची तयारी करून राहिले, उद्या चंद्रावरही जातीन. मग ही कोणाची पोरं आहेत? कोणाच्या तरी बापानं जाऊ दिलं ना त्यांले? का टाळ्या वाजवायले आपण, अन् पोरं दुसऱ्याची?

पल्लवी बाहेर बॅग घेऊन उभी आहे. काकूंनी स्वतः तिकीट तिच्या हातात दिलं. सरांच्या सीटवर मले बसता येत नाही, तिकिटावर नाव त्यांचं आहे. मी जनरल डब्यात बसतो. गाडी थांबली का उतरीन, तिच्या खिडकीशी जाऊन पाहून येईन. केरळापर्यंत.

आता आपण सारे दोन मिनिटं उभे राहू. मी पूर्ण दोन मिनिटं थांबू शकत नाही, पांढुर्ण्याची बस भरून राहिली. मी मधातूनच निघालो तर राग मानू नका.

सर, पोरीले घेऊन जातो.