एक देश सोडून

आमचं मूळ कोकणातलं, पण माझा जन्म येरवड्याचा, तुरुंगाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. बाप बेकरीत, मीही बेकरीत, शाळा दुसरीत सुटली पण मान कुणापुढं तुकवली नाही. आता काय सांगू तुम्हाला, त्या भिंतीजवळ वाढलेल्याला एक गोष्ट आधी शिकवतात, पोलिसानं काही विचारलं की म्हणायचं, आम्हाला माहीत नाही साहेब.

माझी बुबू, म्हणजे थोरली बहीण, मी लहान असतानाच लग्न होऊन बोटीनं आफ्रिकेत गेली, केपटाऊनला. पुढं तिथलं गोरं सरकार आपल्या लोकांना माणसात धरीना, म्हणून आपल्या सरकारनं तिकडं जायची बंदी घातली. बरोबरच केलं, आजही म्हणतो. पण बहीण तिथं ना हो! पासपोर्टावर छापलेलं, सगळे देश चालतील, हा एक सोडून. आणि तार आली, बुबू फार आजारी, तुझं नाव घेते.

एक एजंट म्हणाला, चाचा, दुसऱ्या देशातून जा, शिक्का सुट्या कागदावर मारतात, कुणाला कळत नाही. म्हटलं, आणि कळलं तर? आमच्या घरापासून तुरुंगाला रिक्षासुद्धा लागत नाही. जाईन तर सरकारला सांगून जाईन. खास परवानगीचा अर्ज टाकला.

चौकशीला पोलीस येणार म्हणाले. तेव्हापासून भट्टीपुढं उभा असून हात गार, कुणाचे बूट वाजले की दचकून दाराकडं बघायचो. आणि तो आला नेमका मी कामावर असताना. शेजारचा सखाराम न्हावी, माझा जिवाचा दोस्त, त्यालाच विचारलं, ह्यांची बहीण आफ्रिकेत असते का? सखारामला वाटलं, दोस्त अडकला. म्हणाला, छे हो साहेब, ह्यांना बहीणच नाही! आळीनं माना हलवल्या. संध्याकाळी मला हसत सांगतो, वाचवलं बघ तुला.

मी ओट्यावर बसलोच.

कचेरीत गेलो तर साहेब म्हणाले, काल बहीण नव्हती, आज झाली? खोटा अर्ज करता? आत टाकीन. पण मी हटलो नाही, रोज जाऊन उभा, आहे साहेब, बहीण आहे. फेरचौकशीचं मान्य केलं त्यांनी, पण त्याआधी दुसरी तार आली. मग खरंच नव्हती.

सखारामशी मी कधी बोलणं सोडलं नाही. आता बंदी उठून जमाना झाला. बूट वाजले की मला अजून धस्स होतं. तो मात्र, आता डोळ्यांना दिसतही नाही धड, खाकी कपडा जवळून गेला की काठी टेकत उठतो, कुणी विचारलेलं नसतं, तरी सांगतो, साहेब, ह्यांना बहीण होती, केपटाऊनला. अल्ला त्याला सुखात ठेवो.