जावळ आणि सव्वा तासाचं विमान

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी माझ्या धाकट्या भावाचा हैदराबादवरून फोन आला. "बाई, विमानात बसलो. पोराले माह्याच मांडीवर बसवजा, मंगच जावळ काढा."

त्या दिवशी माझ्या बाळाचं जावळ होतं, आणि आमच्याकडे बाळाचे पहिले केस मामाच्या मांडीवरच काढतात. मी मोबाईलमध्ये पाहिलं, हैदराबाद ते नागपूर सव्वा तास. वडशाजवळच्या आमच्या गावात मी सगळ्यांना सांगून टाकलं, "दहापर्यंत मामा येते." केस कापणाऱ्या म्हाल्यालाही बोलावून बसवलं.

अकरा वाजून गेले. सासरे म्हणाले, "सुनबाई, तुहा भाऊ उडून येऊन राह्यला का रांगत?" सगळे हसले. माझ्या मात्र मनात आलं, विमानाला काही झालं तर नाही ना? फोनही लागेना. बाळ रडून लाल झालं. म्हाली वस्तरा पुसत म्हणाला, "बाई, मले दुसऱ्या गावाले जा लागते." शेवटी शेजारच्या पोराला मामा म्हणून बसवलं आणि केस उतरवले.

तीन वाजता भाऊ घामाघूम होऊन आला. "विमान त कवाच उतरलं, बाई. नागपूरवरून बस बदलत इथी यायलेच दिवस गेला, अन् रस्त्यात फोनले रेंज बी नोती." मग बाळाच्या टकलावर हात ठेवून हळूच म्हणाला, "याच्यासाठीच त पयल्यांदा विमानात बसलो होतो."

तुमच्याकडे कोणी विमानानं येत असेल, तर दारात कधी पोहोचणार ते त्यालाच विचारा. मोबाईल नागपूरपर्यंतचंच सांगतो. ओळखीतल्या बायांनाही एवढं सांगून ठेवा.