अणदूरकडची बाजू

— नाही मावशी, ते नारळ-पेढे पिशवीतच राहू द्या. आधी देवापुढं ठेवायचे नि मग बोलणी करायची, ही रीत मला माहीत आहे. पण एकदा का देवापुढं गेले की आई म्हणणार, आता नाही कसं म्हणायचं. म्हणून अगोदरच सांगते. बसा, बसा की, उन्हाचं आलात. आई चहा टाकतीय आत. ऐकतीय बी — ऐकू दे, तिला काल सगळं सांगून झालंय, आण्णांना बी सांगितलंय. काय म्हणता? मुलगा इंजिनिअर आहे? अहो, त्याच कंट्रोल रूममध्ये त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसते मी, युवराज किती इंजिनिअर आहे ते तुम्ही मला सांगताय होय! एसीच्या खोलीत, जिथं खिडकीसुद्धा नाही, तिथं डोक्यावर गॉगल चढवून बसतो तो. कशाला, तर कुणी फोटो काढला तर असावा म्हणून. उंच आहे, हो. गोरा आहे, हो. उमरग्यात दुमजली घर आहे, आईला एकुलता आहे — मावशी, बैलबाजारात सुद्धा दात बघतात हो, नुसती उंची नाही बघत.

राग नका येऊ देऊ. तुम्ही आईच्या मावसबहीण, तुमच्याशी नाही भांडत मी. पण आलाच आहात तर ऐकून जा. आम्ही तिथं करतो काय, सांगू? आपल्या गावात तार दोन बाजूंनी येते. काचेची तार, केसाएवढी, जमिनीतनं. एक येते सोलापूरकडनं, नळदुर्ग, अणदूर करत हायवेच्या कडंकडंनं. दुसरी लातूरकडनं. मिळून एक गोल कडं होतं. का, तर एका जागी तुटली — आणि तुटतेच, रोज कुठं ना कुठं जेसीबी चालू असतो — तरी मशीन आपण होऊन सगळं दुसऱ्या बाजूनं फिरवतं. पापणी लवायच्या आत. तुम्ही इकडं फोनवर नातवाशी बोलत असता, तिकडं तार तुटलेली असते, आणि तुमचा 'हॅलो' सुद्धा अडखळत नाही. लई भारी आहे ना? मला बी पहिल्यांदा शिकवलं तेव्हा अंगावर काटा आला होता. पण गोम तिथंच आहे. तुटलं तरी कुणाला कळत नाही, म्हणून कुणी बोंबलत नाही, आणि कुणी बोंबललं नाही की असल्या गॉगलवाल्यांना वाटतं काही झालंच नाही. अहो, बांगडी एका जागी चिरली तर हातात राहते. दुसऱ्या जागी चिरली की तुकडा खाली! म्हणून पहिली चीर आहे तोवर धावायचं असतं. एवढंच तर काम आहे आमचं. बाकी काय, खुर्च्याच उबवायच्या.

तर त्या मंगळवारी संध्याकाळी माझी शिफ्ट संपत आली, तो आला, आणि तेवढ्यात स्क्रीनवर अणदूरकडची बाजू लाल झाली. गाव चालू, बँका चालू, सगळं लातूरकडनं फिरलेलं. मी म्हणलं, युवराज, अणदूरकडं तुटलंय, महांतप्पांना फोन लाव, आत्ताच्या आत्ता बघून यायला सांग. महांतप्पा म्हणजे आमचे लाइनवाले, मोटारसायकलवरनं तार बघत फिरतात, अणदूरचेच. तुम्ही बघितलं असेल त्यांना, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, बोलताना निम्मं कानडी. तो म्हणला, लावतो ना. लावला बी. माझ्यासमोर लावला. आणि बोलला काय? "महांतप्पा, रविवारी हुरडा खायला येतोय तुमच्या रानात. चार-पाच जण आहेत. आणि हे बघा, त्यातलं एक माणूस खास आहे बरं का, गूळभेंडीची कणसं ठेवा चांगली." आणि माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. आणि मी हसले. मोठ्यानं हसले हो, दारात पर्स घेऊन उभी, येड्यासारखी —

हो, मीच. मीच ती खास. काय बघताय अशा? दोन वर्षं, मावशी. दोन वर्षं मी त्या गॉगलकडं बघत होते. तुमचा हा नारळ मागच्या दिवाळीला आला असता ना, तर मी स्वतः पळत जाऊन सुपारी फोडली असती. झालं समाधान? आता आईला बी कळलं... नाही, तिला माहीत आहे, हेच तर सांगितलं काल.

तर फोन ठेवला त्यानं. मी म्हणलं, आणि तारेचं? तर म्हणला, अगं सांगतो त्यांना परत, तू जा, तुझी बस चुकेल. माझ्या बसची केवढी काळजी! आणि मग स्क्रीनचा आवाज बंद केला. लाल दिसायचं, नुसतं वाजायचं नाही. बुधवारी विचारलं, तर म्हणाला महांतप्पा बघून आलाय, जोडणीवाला सोलापूरहून निघतोय. गुरुवारी विचारलं, तर म्हणाला तू शिफ्ट इन्चार्ज आहेस का मी? हसत हसतच म्हणाला. लई गोड हसतो ना, तुम्ही म्हणालातच मघा.

आणि शनिवारी सकाळी लातूर रोडला गटाराचं काम चालू होतं, तिथं जेसीबीच्या दातात दुसरी बाजू आली.

तो शनिवार आठवतो का तुम्हाला? आठवणारच. नेट गेलं, फोन गेले — टॉवरसुद्धा आमच्याच तारेवर आहेत, लोकांना वाटतं टॉवर हवेतनं चालतो. अख्खं उमरगा मुकं झालं. आणि त्याच दिवशी तुमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे चाँदपाशाभाई गेले. तुमचे ब्लाऊज शिवायचे ते, माझ्या शाळेचा पहिला ड्रेस त्यांनीच शिवला. पोरगा फारुख रियाधला. त्याला सांगायचं तर फोन लागेना, कुणीतरी गाडीवर नळदुर्गला जाऊन तिथनं कळवलं, तर तो म्हणाला, मला नुसतं तोंड दाखवा, व्हिडिओ लावा, मी बसतो फोन धरून. त्याची आई फरिदाबी सगळ्यांना म्हणायच्या, थांबा, जरा थांबा, लागंल. तुम्हीच ना हो त्यांच्या गच्चीवर फोन वर धरून उभ्या होता, पदर खोचून, या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात? आईनं सांगितलं मला. मौलाना थांबले, माणसं थांबली, किती थांबणार? दुपारची नमाज झाली आणि उचललं. आणि संध्याकाळी तुम्ही आमच्या दारात येऊन आमच्या कंपनीचा सात पिढ्यांचा उद्धार केलात. मी आतच होते, ऐकत होते. बरोबर बोललात, एक शब्द चुकला नव्हता. फक्त नाव ठाऊक नव्हतं तुम्हाला. आता त्याच नावाचा नारळ घेऊन बसलाय तुम्ही माझ्यापुढं.

नाही, नाही, खाली बघू नका, मला तसं नको आहे. तुम्हाला कुठनं माहीत असणार? कुणालाच माहीत नव्हतं. रविवारी दुपारी लाइन आली आणि सोमवारी तर सत्कारच! मोठे साहेब आले सोलापूरहून, म्हणाले, दोन्ही बाजू एकाच दिवशी तुटल्या असताना युवराजनं खिंड लढवली. टाळ्या वाजवल्या हो लोकांनी, तोंडाला पेढा लावला. ज्यानं आग धुमसत ठेवली त्यालाच बंब चालवल्याचं बक्षीस. मग कुणीतरी विचारलं, अणदूरकडची बाजू तर मंगळवारपासून लाल दिसतीय, ती का नाही जोडली? तर हा बहाद्दर काय म्हणाला माहीत आहे? मी त्याच वेळी महांतप्पाला फोन करून सांगितलं होतं, तो गेलाच नाही, पिऊन पडला असंल. पिऊन! ज्यांच्या घरात चहा बी लिंगपूजा झाल्याबिगर पीत नाहीत. पण फोन तर झालाच होता ना मंगळवारी, नोंदीत दिसतोच की तो. खोटं कसं ठरणार? झालं. महांतप्पांना घरी बसवलं. रोजंदारीवरचा माणूस, त्याला विचारतंय कोण.

मी गेले होते त्यांच्याकडं. हो, एकटी, अणदूरला. खंडोबाच्या देवळामागनं वाट आहे त्यांच्या रानात. बसले होते बांधावर, सोलत होते काहीतरी. मला बघून उठले, घोंगडं झटकून अंथरलं, म्हणाले, "या मॅडम, बसा. हुरड्याचं तर ऱ्हाऊनच गेलं तुमचं." मी म्हणलं, महांतप्पा, तुम्ही साहेबांना सांगितलं का नाही, की फोन हुरड्याचा होता? तर म्हणाले, "सांगितलं की. इश्वास ठेवला न्हाय. म्हनले, ऐकलं कुनी? म्या म्हनलं, कुनी न्हाय." मी म्हणलं, कुणी नाही कसं? मी नव्हते का तिथं? मावशी, तो माणूस परत सोलायलाच लागला. मग खाली बघून म्हणाला, "फोनात हसन्याचा आवाज आला व्हता. मला वळखू आला. पर लेकीबाळीचं नाव चार मान्सांत कशाला घ्यायचं? माजी बी एक नांदायला गेलीया."

कळलं का तुम्हाला? नोकरी गेली, अंगाला दारूचा वास लागला, तरी माझं नाव घेतलं नाही त्यानं. आणि इकडं हा. माझ्याच समोर बसून, माझ्याच डोळ्यांत बघून तोंडभर खोटं बोलला, आणि मी गप बसंन याची त्याला खात्री होती. का, तर मुलगी आहे. हसलेली मुलगी आहे. बोलायला गेली तर पहिलं हेच सांगावं लागणार की तू दारात कशाला थांबली होतीस. इंजिनिअर आहे ना, कुठं कोण गप बसतं याचा पक्का हिशेब.

काय? सोमवारच्या आत होकार कळवू? सोमवारी महांतप्पांच्या चौकशीत माझा जबाब आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं, मावशी? मी तर नाही बोलले अजून. त्याच्या आईनं? म्हणजे ते बी सांगून धाडलंय तर. साखरपुडा झाला की घरातली गोष्ट घरात... हं. मला वाटलंच. बाई हुशार आहे, पोरगा उगाच नाही तसा झाला. पण उशीर झाला त्यांना. मी आज सकाळच्या एसटीनं सोलापूरला जाऊन आले. सोमवारची वाट बघितलीच नाही. सगळं सांगितलं साहेबांना, लाल कधी झालं, मी काय म्हणलं, तो फोनवर काय बोलला, मी कशी हसले. लिहून घेणारा माणूस मान खाली घालून मिशीत हसत होता. हसू दे. साहेब म्हणाले, खास म्हणजे तुम्हीच का? म्हणलं हो, मीच. लिहा. मोठ्या अक्षरात लिहा.

तर साहेबांनी तिथल्या तिथं फोन लावला त्याला. स्पीकरवर. आणि तो म्हणाला — ऐका हं, नीट ऐका — म्हणाला, "सर, ती मुलगी वर्षभर माझ्या मागं लागलीय. मी नाही म्हणलं, घरच्यांना पसंत नाही म्हणलं, म्हणून सूड घेतीय." सकाळी अकराला! मी बसमधून उतरून हात-पाय धुते न धुते तोवर तुम्ही दारात, नारळ, पेढे, साडी. सकाळी साहेबापुढं मी त्याला नको होते, आणि दुपारी त्याच्या घरचं मागणं माझ्या ओसरीवर. दोन्हीकडनं वाट राखून ठेवली पठ्ठ्यानं. तारेला नाही राखली, स्वतःला बरोबर राखली.

मी काय म्हणते मावशी, साहेबांनी मला विचारलं होतं, तुमच्या बाजूनं कुणी बोलणारं आहे का. मी म्हणलं, नाही. तेव्हा नव्हतं. आता आहे ना! तुम्ही चला माझ्यासंगं सोमवारी. काही करायचं नाही तुम्ही, फक्त एवढंच सांगायचं की मागणं मुलाकडनं आलं, आज आलं, आणि येताना जबाबाचं बोलून धाडलं. खरंच तेवढंच आहे ना? एका वाक्याचं काम. महांतप्पांची रोजी परत येईल. तिकिटाचं मी बघते. फरिदाबींना बी सांगू आपण जाताना, त्यांना कळू द्या की...

मावशी?

पदर कशाला सावरताय? चहा यायचाय अजून. हो, तुमचा भाचा त्यांच्याकडं कामाला आहे, माहीत आहे. हो, गावात राहायचंय. मला कुठं रानात राहायचंय? बोला ना काहीतरी. मघापासून एवढं तोंडभरून बोलत होता, उंच आहे, गोरा आहे —

बरं. राहू द्या. आई, चहा नको आणूस गं, मावशी निघाल्या.

पिशवी घ्या तुमची. आणि फाटकाला कडी घाला जाताना, शेळ्या शिरतात.