श्रीधरकाकांच्या उरलेल्या पायऱ्या

नमस्कार. श्रीधरकाकांना निरोप द्यायला कामधंदा सोडून सगळे आलात, काही जण तर पार मिल्टन कीन्सहून. मागे उभे आहेत ते काकांच्या शूटिंग क्लबचे लोक. त्यांना मराठी येत नाही, तरी आलेत. मला बोलायला सांगितलंय. लगेच सुरू करतो, नाहीतर हॉल रिकामा करायची वेळ होईल.

काहींना मी माहीत नसेन. मी काकांचा सख्खा पुतण्या नाही. माझे बाबा आणि ते एका ऑफिसात होते. मी कॉलेज अर्धवट सोडलं, घरी वाजलं, आणि इकडे ब्रॅकनेलला काका-काकूंच्या बॉक्स रूममध्ये, त्या अडगळीच्या खोलीत, येऊन पडलो. दोन आठवड्यांसाठी. मग मधे स्लाऊच्या वेअरहाऊसमध्ये होतो, मधे स्कॉटलंडला हॉटेलात भांडी घासली, तिथे एक मालक होता, तो माशाशी बोलायचा... ते जाऊ द्या. दर वेळी परत आलो की काकू विचारायच्या, "जेवलास का?" आणि काका विचारायचे, "रविवारी रेंजवर येतोस?"

रेंजवर काय? तर कागद. काका रायफलने लांबवरच्या कागदाला भोकं पाडायचे. प्राणी नाही, पक्षी नाही, कागद. आणि त्याची काडतुसं गॅरेजमध्ये स्वतः भरायचे. कारण प्रत्येक रायफलला काडतुसातल्या पावडरची, म्हणजे दारूची, वेगळी मात्रा मानवते. ती शोधायची कशी? पुस्तकात दिलेल्या सगळ्यांत कमी वजनापासून सुरू करायचं. थोडी वाढवायची, काही काडतुसं भरायची. अजून थोडी वाढवायची, परत भरायची. मग रेंजवर त्याच क्रमाने, खालून वर, झाडत जायचं. कुठल्या पायरीला भोकं सगळ्यांत जवळजवळ पडतात ते बघायचं. रायफलचा बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, उघडताना जड लागला की दाब जास्त झाला, तिथेच थांबायचं.

प्रश्न एकच. पायरी केवढी ठेवायची?

काकांची पायरी मुंगीची. आयुष्यभर सॉफ्टवेअर टेस्टर होता तो माणूस. काट्यावर एकेक कण चिमट्याने टाकायचे. त्यांच्या शेजारी झाडणारा कीथ, तो बघा, दारापाशी, तो डोकं धरायचा. म्हणायचा, "श्री, एवढ्याशा फरकाने काहीच कळत नाही. नुसता वारा याहून जास्त फरक पाडतो. तू वाऱ्याची टेस्ट घेतोयस." काका म्हणायचे, "मोठी पायरी घेतली आणि चांगली जागा मधेच सुटली तर?" आणि परत खालपासून सुरू. परत. परत. परत. सीझन संपायचा, आणि हे अजून तळातच.

मी एकदा चिडलो. म्हटलं, "काका, अशाने तुम्ही वर कधी पोचणारच नाही."

काका म्हणाले, "आणि तू रे? तू तर थेट गच्चीवरून उडी मारतोस. नोकरी, गाव, मुलगी, सगळं एका आठवड्यात बदलतोस. मग बिघडलं कशाने, हे कसं कळणार तुला?"

काकू आतून ओरडल्या, "त्याला बोलू नका! आधी स्वतःचं गॅरेज आवरा!"

तर या वर्षी काका ऐकले. खरंच ऐकले. कीथने सांगितली तेवढी पायरी धरली. सुरक्षित हद्दीच्या आतच, पण फरक दिसेल एवढी. प्रत्येक पायरीच्या काडतुसांना बुडाशी वेगळ्या रंगाचा ठिपका. रेंजवर काळी झाली, निळी झाली. निळ्याला भोकं जवळ यायला लागली. दुर्बिणीतून मी बघत होतो. काका खूश. मग वारा उठला. मी म्हटलं, "मारा ना पुढची!" तर म्हणाले, "वाऱ्यात कशाला नासायची? पुढच्या रविवारी."

शुक्रवारी सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये ट्रॉली ढकलताना ते गेले.

हिरवी, जांभळी, लाल. तीन पायऱ्या डब्यात राहिल्या.

काकूंनी दुसऱ्याच दिवशी मला म्हटलं, "ती उरलेली कुणाकडून तरी झाडून घे. मला त्यातलं काही कळत नाही. पण कुठली चांगली निघाली, एवढं मला सांग. एवढ्या वर्षांचं काहीतरी उत्तर असेल ना?"

मी कीथकडे गेलो. तो नाही म्हणाला. दुसऱ्याने भरलेलं काडतूस कुणी झाडत नाही. कुणीच नाही. म्हटलं, "अरे, मी शेजारी उभा होतो भरताना!" तो म्हणाला, "प्रत्येक काडतुसाच्या वेळी?" म्हटलं, "बहुतेक." तो म्हणाला, "बहुतेकवर रायफल फुटते, पोरा. आणि या तर वरच्या पायऱ्या. कुठे थांबायचं ते त्याचं त्याने ठरवायचं होतं." असं म्हणाला आणि तोच रडायला लागला. परवा बंदुकांचा लायसन्सवाला डीलर येऊन रायफल आणि डबा घेऊन गेला. ती काडतुसं आता उघडून मोडतील.

काकू, आज इथे येताना गाडीत तुम्ही परत विचारलंत. मनात ठरवलं होतं, सांगून टाकू, हिरवी. हिरवी चांगली निघाली. तुम्हाला बरं वाटलं असतं. पण काकांनी लगेच विचारलं असतं, "किती झाडलीस?"

काकू, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. आणि आता कधीच कळणार नाही.

सकाळपासून जो तो मला सांगतोय, सुटले हो, शांतपणे गेले. कसले सुटले? त्यांना रविवार हवा होता. एक बिनवाऱ्याचा रविवार. यात मला काही चांगलं दिसत नाही. कुणाला दिसत असेल तर आज मला सांगू नका.

उभे राहू या. काकू, तुम्ही बसूनच राहा. थोडा वेळ कुणी काही बोलू नका, समजूत काढू नका. माणूस अर्ध्यात गेलाय. तेवढ्यासाठी गप्प राहू या.

काका, नमस्कार करतो.