विकणाऱ्याचाच वकील

उमरखेडच्या एसटीत पुढच्या सीटवर रामलाल आणि धनीबाई हे नवरा-बायको बोलत होते. मागं बसलेल्या वर्षानं गाणी बंद केली, इअरफोन मात्र कानातच ठेवले.

“वकिलाचं पक्कं केलं मी,” रामलाल म्हणाला. “घर विकनाऱ्यानंच आपला वकील देल्ला.”

“तुमी बैल घेता तवा दात कोन पाह्यते?”

“मीच. दुसऱ्यावर भरोसा नाही ठेवत.”

“मंग घराचे दात विकनाऱ्याच्या मानसाले कायले पाहू देता?”

“भाचा हाय त्याचा. घरचाच मानूस.”

“त्याच्या घरचा.”

“मंग तूच सांग, कोनाले धरू?”

“मी काल घराचे कागद घेऊन एका वकीलबाईकडे गेलती. बाई म्हने, घरात त्याच्या बहिनीचाबी हिस्सा हाय, तिच्या सहीबगर घेऊ नका.”

“मले न इचारता गेली?”

“तुमी बैलबाजारात होता.”

“हुशार दिसते बाई.”

“तिनं पहिलं इचारलं, घर कोनाच्या नावानं घेता. आजवर कोनी इचारलं नवतं.”

“तू काय सांगतलं?”

“माह्या.”



“अन् मी?”

“साक्षीदार भरोशाचा पाह्यजे म्हने. मी तुमचं नाव देल्लं.”