सातवी ओळ

आई : ...आणि फवारल्यावर तिसऱ्या दिवशी सगळी रोपं करपतात. ही सातवी ओळ सोडून.

मुलगी : आई, डबा गार होतोय.

आई : दोनच कुंड्या राहिल्यात. फवारणीचा पंप भरून झाला का?

मुलगी : भरला. पण त्याची टाकी गळतेय म्हणे. माळीकाका कालच सांगत होते.

आई : काकांना सगळंच गळताना दिसतं. अगं, गंमत बघ. ऊन पडलं की हे तणनाशक पानातल्या प्राणवायूचंच विष करतं. बाकीची रोपं जळतात. सातवी मात्र कामसू, विष होईल तसतसं निस्तरत राहते. जी याला पुरून उरेल ती दुष्काळातही तगेल.

मुलगी : आपल्याला नाही येत ते निस्तरता?

आई : येतं की. पण हे फुफ्फुसांत साचलं तर ताकद पुरत नाही. म्हणून तर यात मुद्दाम घाण वास मिसळतात. चुकून कुणी प्यायला नको.

मुलगी : तुझी पाठ ओली आहे.

आई : घाम गं. काचघर आहे हे. पंपाच्या पट्ट्यानं थोडं सोललंय, तेवढंच चुरचुरतंय.

मुलगी : शर्ट बदल ना.

आई : दोन कुंड्यांसाठी? भित्री भागूबाई! आधी पालीला भ्यायचीस, आता आईच्या घामाला. चढव पंप पाठीवर.

मुलगी : पण आई, हा...

आई : काही म्हणालीस?

मुलगी : नाही. वाक जरा.

(चोवीस दिवसांनी. तेच काचघर.)

माळीकाका : तुम्ही कशाला आलात ताई? बाईंचं सामान मी पोचवलं असतं.

मुलगी : ही सातवीच ना?

माळीकाका : हो. बाकीच्या उपटल्या. बाई गेल्या त्याच्या आदल्या दिवशीही विचारत होत्या. धाप लागलेली, तरी हेच. हिरवी आहे का?

मुलगी : मग?

माळीकाका : हिरवीगार म्हणालो. हसल्या. ...फवारणीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत तोच ओला शर्ट होता हो त्या सोललेल्या पाठीवर. टाकीचं मी सांगितलं होतं, पण बाईंपुढं माझं काय चालणार!

मुलगी : तुम्ही सांगितलंत तरी.

माळीकाका : तुम्हाला काय ठाऊक, ताई. घामच वाटला असणार.

मुलगी : मी अगदी जवळ उभी होते, काका. पंप मीच चढवला.

माळीकाका : पाणी आणू का?

मुलगी : नको. जरा बाहेर थांबता?

माळीकाका : थांबतो. दार ओढून घेतो.

मुलगी : आई... घामाला असा वास येत नाही.